रोध शून्य झाला, हे कशावरून? अतिसंवाहक पदार्थ स्वतः तपासू इच्छिणाऱ्यांसाठी

खानदेशात द्रवरूप नायट्रोजन कोठे मिळेल असे विचारले, तर गावाकडचा माणूस महाविद्यालयाकडे नव्हे, गुरांच्या दवाखान्याकडे बोट दाखवील. कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा ज्या दुहेरी भिंतींच्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात, त्यातला धुके सोडणारा द्रव उणे १९६ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ केल्विन तापमानाला असतो. यट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे जे ऑक्साइड ‘वायबीसीओ’ या नावाने ओळखले जाते, ते ९२ केल्विनच्या आसपासच अतिसंवाहक होते, म्हणजे त्याचा विद्युत् रोध नाहीसा होतो. त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथील एमएस्सीच्या विद्यार्थ्याला या विषयात हात घालण्यासाठी महागड्या द्रवरूप हीलियमची वाट पाहावी लागत नाही. हा लेख अशा नवागतासाठी आहे. चकती तयार करण्यापासून तिचे विद्युत् गुणधर्म आणि शेवटी प्रकाशीय गुणधर्म मोजण्यापर्यंतची वाट येथे त्याच क्रमाने मांडली आहे.

प्रयोगाला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. पाठ्यपुस्तकात विद्युत् गुणधर्म एका प्रकरणात आणि प्रकाशीय गुणधर्म दुसऱ्या प्रकरणात असतात, म्हणून ते दोन वेगळे विषय वाटतात. प्रत्यक्षात प्रश्न एकच असतो: अमुक वारंवारतेचे विद्युत् क्षेत्र लावले असता पदार्थातले इलेक्ट्रॉन कसा प्रतिसाद देतात? बॅटरी जोडली की वारंवारता शून्य असते, मोबाइलच्या लहरींपाशी ती गिगाहर्ट्झमध्ये असते आणि दिव्याच्या उजेडात ती शेकडो टेराहर्ट्झ असते. अतिसंवाहकाचा रोध काटेकोरपणे शून्य असतो तो फक्त एकदिश प्रवाहाला. वारंवारता वाढत गेली की, इलेक्ट्रॉनांच्या ज्या जोड्या हा रोधाविना प्रवाह वाहून नेतात त्यांच्याबरोबर जे थोडे सुटे इलेक्ट्रॉन उरलेले असतात ते क्षेत्राची ऊर्जा शोषू लागतात, आणि एका ठरावीक वारंवारतेपुढे खुद्द जोड्याच तुटतात. कण-त्वरकांमधील नायोबियमच्या पोकळ्या २ केल्विनपर्यंत थंड केल्या, तरी त्यांच्या पृष्ठभागाचा रोध नॅनोओहममध्ये उरतोच, त्याचे कारण हेच.

चकती तयार करणे

घटक तीन आहेत: यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि क्युप्रिक ऑक्साइड. धातूंचे अणू १:२:३ या प्रमाणात यायला हवेत, त्यासाठी अनुक्रमे १.१२९ ग्रॅम, ३.९४७ ग्रॅम आणि २.३८६ ग्रॅम घ्यावे. जळगावच्या सराफाकडे सोने तोलायला जसा काटा असतो, तसा मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा येथे हवा. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, हे पुडीवर लिहिलेले असूनही दुर्लक्षित राहते. तोंडावर मास्क आणि हातात मोजे असल्याशिवाय डबी उघडू नये. तिन्ही पुड्या आधी वाळवून घ्याव्यात, कारण ओलाव्याचे वजन मोजणीत शिरले की प्रमाण बिघडते.

अकीकाच्या खलात हे मिश्रण निदान अर्धा तास घोटावे. नंतर ॲल्युमिनाच्या मुशीत घालून ९०० ते ९२० अंश सेल्सिअसला बारा तास तापवावे, थंड झाल्यावर पुन्हा घोटावे आणि पुन्हा तापवावे. हा फेरा दोन-तीन वेळा करावा लागतो, आणि कंटाळून तो एकावर आटोपणाऱ्याची चकती पुढे हमखास दगा देते. भुकटी काळी दिसायला हवी. तिच्यात हिरवट छटा राहिली असेल, तर अभिक्रिया अपुरी आहे आणि यट्रियमचे प्रमाण जास्त असलेला, अतिसंवाहक नसलेला हिरवा संयुगप्रकार त्यात शिल्लक आहे, असे समजावे. विद्यापीठात क्ष-किरण विवर्तनाची सोय असल्यास या टप्प्यावर एक आलेख काढून घ्यावा, म्हणजे नेमके कोणते संयुग तयार झाले ते कळते.

भुकटी दाबयंत्रात दाबून १० ते १३ मिलिमीटर व्यासाची, दोन-तीन मिलिमीटर जाडीची चकती करावी आणि ती ९३० ते ९४० अंशांना भाजावी. १००० अंशांच्या पुढे हे संयुग वितळून विघटित होते, म्हणून भट्टीच्या तापमापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. चकतीवरून ऑक्सिजनचा मंद प्रवाह सोडत तापमान हळूहळू उतरवावे आणि ४५० ते ५०० अंशांच्या दरम्यान ते बारा-पंधरा तास धरून ठेवावे. भाजताना स्फटिकाने गमावलेला ऑक्सिजन तो याच तापमानात परत घेतो. सूत्रातील ऑक्सिजनचा आकडा (YBa₂Cu₃Oₓ मधील x) ६.९ च्या वर गेला की ९० केल्विनच्या पुढचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते तापमान, मिळते; तोच ६.४ च्या खाली राहिला, तर तेच संयुग, तेच धातू, तोच काळा रंग असूनही चकती अतिसंवाहक होत नाही.

आपल्याकडे वीज जाणे हा या कामातला खरा अडथळा आहे. पहिल्या भाजणीत वीज गेली तर फारसे बिघडत नाही, घोटून पुन्हा तापवता येते. ऑक्सिजन देण्याच्या टप्प्यात गेली, तर लहान भट्टी लवकर निवते आणि ऑक्सिजन आत मुरत नाही. अशी चकती टाकून न देता तिला पुन्हा ५०० अंशांवर नेऊन ऑक्सिजन द्यावा. वजनाने याची पडताळणी होते. वर दिलेल्या मापाने एकूण ७.४६२ ग्रॅम मिश्रण होते, त्यातून ०.८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नीट ऑक्सिजन मिळालेल्या संयुगाचे वजन सुमारे ६.६५ ग्रॅम भरते. खलाला आणि मुशीला चिकटलेली भुकटी धरून थोडी घट होणारच, पण ऑक्सिजन देण्याआधी आणि दिल्यानंतर त्याच एका चकतीचे वजन करून पाहिले, तर तिने खरोखर काही घेतले की नाही ते कळते.

चार तारांची मोजणी

नवशिक्याचा पहिला मोह मल्टिमीटरच्या दोन कांड्या चकतीला लावण्याचा असतो. तो का टाळावा, हे आकड्यांनीच पाहावे. चकतीतून २ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड पट्टी कापली आणि व्होल्टेज मोजायच्या दोन बिंदूंमध्ये ५ मिलिमीटर अंतर ठेवले, तर अशा भाजलेल्या नमुन्याच्या नेहमीच्या रोधकतेला, म्हणजे सुमारे १ मिलिओहम-सेंटिमीटरला, त्या भागाचा रोध अवघा १२.५ मिलिओहम येतो. तारा आणि जोड यांचाच रोध एखादा ओहम असतो, म्हणजे नमुन्याच्या ऐंशीपट. नमुना पूर्ण अतिसंवाहक झाला, तरी दोन कांड्यांच्या मोजणीत आकडा जेमतेम हलेल.

म्हणून चार तारा घ्याव्यात. बाहेरच्या दोन तारांनी स्थिर प्रवाह सोडावा, आतल्या दोन तारांनी व्होल्टेज वाचावे. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह ओढत नाही, त्यामुळे आतल्या तारांचा आणि जोडांचा रोध मोजणीत येत नाही. जोडांसाठी सिल्व्हर पेस्ट वापरावी. ती लावून चकती पुन्हा थोडा वेळ ऑक्सिजनमध्ये तापवली, तर जोड चांगला बसतो. तापमानासाठी पीटी-१०० हा प्लॅटिनमचा संवेदक पुरतो. शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रोध १०० ओहम असतो आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये तो सुमारे २० ओहमवर उतरतो. संवेदक आणि नमुना एकाच तांब्याच्या ठोकळ्याला लावावेत, नाहीतर आपण एका वस्तूचा रोध आणि दुसऱ्याच वस्तूचे तापमान लिहीत बसतो.

हा ठोकळा थर्माकोलच्या पेटीत ठेवून त्यावर नायट्रोजन ओतावा, खळखळ थांबू द्यावी, आणि द्रव आटल्यावर ठोकळा सावकाश तापत असताना वाचने घ्यावीत. थंड होताना घेतलेल्या वाचनांपेक्षा तापताना घेतलेली वाचने विश्वासार्ह असतात, कारण तापमान तेव्हा हळू बदलते. प्रत्येक तापमानाला प्रवाहाची दिशा उलटवून दोन वाचने घ्यावीत, त्यांची वजाबाकी करून निम्मे करावे. निरनिराळ्या धातूंचे जोड निरनिराळ्या तापमानाला असले की काही मायक्रोव्होल्ट आपोआप निर्माण होतात. ते प्रवाहाची दिशा बदलली तरी चिन्ह बदलत नाहीत, म्हणून वजाबाकीत निघून जातात. १० मिलिअँपिअर प्रवाहाला आपल्या पट्टीवर १२५ मायक्रोव्होल्टच मिळणार असतात, त्यात पाच मायक्रोव्होल्टची भेसळ परवडत नाही.

आता शून्याकडे येऊ. मी पहिल्यांदा मोजलेल्या चकतीने ८८ केल्विनला झकास शून्य दाखवले होते आणि प्रयोगशाळेत पेढेही वाटून झाले होते. दुसऱ्या दिवशी खोलीच्या तापमानालाही शून्यच आले, तेव्हा लक्षात आले की गारठ्याने आकसून व्होल्टेजच्या एका तारेखालची सिल्व्हर पेस्ट उखडली होती. तुटलेली तार आणि अतिसंवाहक हे दोघेही मीटरवर सारखेच दिसू शकतात. तेव्हापासून मी तीन पडताळण्या केल्याशिवाय शून्य मानत नाही. पहिली, तापवत नेल्यावर व्होल्टेज त्याच तापमानाला परत यायला हवे. दुसरी, प्रवाहाच्या तारा आणि व्होल्टेजच्या तारा यांची अदलाबदल केल्यावरही तोच निकाल यायला हवा. जोड तुटलेला असेल, तर प्रवाहाचा स्रोत तेथे लगेच अडतो. तिसरी, प्रवाह वाढवून पाहावा. भाजलेल्या चकतीत बारीक कण असतात आणि कणांमधले सांधे दुबळे असतात. आधी कण अतिसंवाहक होतात, मग सांधे. त्यामुळे प्रवाह १० वरून १०० मिलिअँपिअरवर नेला की रोध शून्य होण्याचे तापमान थोडे खाली सरकते, पण उतार जेथे सुरू होतो ते तापमान फारसे हलत नाही. वाईट जोडाला अशी वागणूक जमत नाही.

शून्य हा शब्द वहीत लिहितानाही सांभाळून लिहावा. मीटर १ मायक्रोव्होल्टपर्यंतच वाचत असेल, तर १० मिलिअँपिअरला आपण फक्त एवढेच म्हणू शकतो की रोध ०.१ मिलिओहमपेक्षा कमी झाला, म्हणजे मूळच्या सव्वाशेव्या भागाखाली गेला. चांगले तांबे खोलीच्या तापमानापासून ७७ केल्विनपर्यंत नेले, तर त्याचा रोध साधारण आठ पटींनी घटतो, तोही सावकाश. तेव्हा दोन-तीन केल्विनच्या पट्ट्यात सव्वाशेपट घट ही निराळी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण ती शून्य आहे असे मीटर सांगत नाही. हाइके कामेरलिंग ओनेस यांच्या नेदरलँड्समधील लायडन येथील प्रयोगशाळेत ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या सुमारास नाहीसा झालेला दिसला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता. पुढे १९१४ मध्ये त्यांनी शिशाच्या बंद वेटोळ्यात प्रवाह सुरू करून तो बॅटरीशिवाय तासन्‌तास टिकतो हे दाखवले. कमी होत न जाणारा प्रवाह ही व्होल्टमीटरपेक्षा कितीतरी कठोर कसोटी आहे.

चुंबकाची साक्ष

रोध कोसळला म्हणजे अतिसंवाहकता आलीच असे नाही. जुलै २०२३ मध्ये कोरियातील संशोधकांनी ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यातला रोधाचा एकाएकी उतार हा एक मुख्य पुरावा होता. काही आठवड्यांतच इतर प्रयोगशाळांनी दाखवून दिले की तो उतार त्यात भेसळ म्हणून असलेल्या क्युप्रस सल्फाइडच्या स्फटिकरचनेतील बदलामुळे येतो.

खरा अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र आपल्या पोटातून बाहेर ढकलतो, हे माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले. त्यासाठी चकती थाळीत ठेवून नायट्रोजन ओतावा आणि नंतर निओडिमियमचा मुगाएवढा चुंबक प्लॅस्टिकच्या चिमट्याने तिच्यावर सोडावा. तो अधांतरी राहतो. येथे एक बारकावा बहुतेक विद्यार्थी चुकवतात. चकती आधी थंड करून मग चुंबक आणणे आणि चुंबक वर ठेवूनच चकती थंड करणे, हे दोन वेगळे प्रयोग आहेत. केवळ रोध शून्य असलेला काल्पनिक पदार्थसुद्धा पहिल्या प्रकारात चुंबकाला दूर ठेवील; आत आधीच शिरलेले क्षेत्र थंड होताना बाहेर टाकणे फक्त अतिसंवाहकाला जमते. दुसऱ्या प्रकारात आपली चकती काही क्षेत्र बाहेर टाकते, पण काही क्षेत्ररेषा तिच्यातल्या दोषांपाशी अडकून पडतात, आणि म्हणून चुंबक एका जागी खिळल्यासारखा राहतो. दोन्ही प्रकार करावेत आणि वहीत वेगळे नोंदवावेत.

उन्हाळ्याबद्दल दोन शब्द येथेच. भुसावळच्या ४५ अंशांत नायट्रोजन कसा टिकणार, असे सगळेच विचारतात. हिशेब केला तर, २५ अंशांच्या खोलीत बाहेरचे आणि आतले तापमान यांत २२१ अंशांचा फरक असतो, ४५ अंशांत तो २४१ होतो. म्हणजे फरक जेमतेम नऊ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे चांगल्या कंटेनरमध्ये होणारी जास्तीची घट फार नसते. उलट वैशाखातील कोरड्या हवेत चकतीवर आणि तारांवर बर्फ कमी साचतो, त्यामुळे माझे सर्वांत स्वच्छ आलेख मे महिन्यात निघालेले आहेत. कंटेनर मात्र बंद मोटारीतून कधीही नेऊ नये आणि त्याला घट्ट बूच लावू नये. एक लिटर द्रवापासून सुमारे सातशे लिटर वायू होतो. बंद भांडे त्याने फुटते आणि बंद खोलीतला श्वासाचा ऑक्सिजन न कळत हटतो.

प्रकाशाकडे वळताना

चकती ७७ केल्विनला काळी दिसते आणि खोलीच्या तापमानालाही काळीच दिसते. शिसे अतिसंवाहक झाले म्हणून अधिक चकाकत नाही. याचे कारण ऊर्जेच्या मापात आहे. इलेक्ट्रॉनांची जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, जिला प्रयोगशाळेत सगळे ‘गॅप’ म्हणतात, बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धान्तानुसार क्रांतिक तापमानाशी निगडित ऊर्जेच्या ३.५३ पट असते. नायोबियमचे क्रांतिक तापमान ९.२ केल्विन आहे, त्यावरून ही ऊर्जा २.८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा १.६ ते ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे तिच्या सहाशे ते हजार पटींहून अधिक. एवढ्या दांडग्या फोटॉनपुढे जोडी आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. गॅप पाहायची तर नायोबियमसाठी ०.६८ टेराहर्ट्झपाशी, म्हणजे ०.४४ मिलिमीटर तरंगलांबीच्या दूर अवरक्त प्रकाशात पाहावी लागते.

तेथेही एक अडचण असते. गॅपपेक्षा कमी ऊर्जेच्या प्रकाशाला अतिसंवाहक पूर्ण परावर्तित करतो, पण साध्या अवस्थेतले नायोबियमही त्या पट्ट्यात ९९ टक्क्यांहून अधिक परावर्तन करतेच. आपल्याला अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक शोधायचा असतो, आणि आरसा केसभर हलला तरी तेवढी चूक होते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, निरपेक्ष परावर्तन न मोजता त्याच नमुन्याचे, तो जागचा न हलवता, क्रांतिक तापमानाच्या वर आणि खाली परावर्तन घेऊन त्यांचे गुणोत्तर काढणे. निरपेक्ष आकडा हवाच असेल, तर मोजणी झाल्यावर नमुन्यावरच सोन्याचा पातळ मुलामा चढवून पुन्हा मोजतात. सोने त्या पट्ट्यात इतके उत्तम आणि ओळखीचे परावर्तक आहे की ते संदर्भ म्हणून चालते. (सोने, चांदी आणि तांबे हे उत्तम वाहक स्वतः मात्र अतिसंवाहक होत नाहीत, ही गंमत सराफ बाजारात सांगितली तर कोणाचा विश्वास बसत नाही.) दुसरा उपाय म्हणजे परावर्तन सोडून अतिपातळ थरातून आरपार गेलेला प्रकाश मोजणे, कारण तेथे बदल कितीतरी मोठा असतो. ग्लोव्हर आणि टिंकहॅम यांनी १९५० च्या दशकात शिसे आणि कथिल यांच्या पातळ थरांवर हेच केले आणि गॅपचे अस्तित्व प्रकाशाने दाखवले.

आपल्या वायबीसीओच्या चकतीला वरचे सूत्र लावले, तर २८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ४४ मायक्रोमीटर तरंगलांबी येते. हा आकडा शोधण्यासाठी आलेखावर रेघ मारून बसू नये. या संयुगात गॅप सर्व दिशांना सारखी नसते, काही दिशांना ती शून्यच होते, त्यामुळे स्वच्छ पायरी दिसत नाही. शिवाय चकतीत कण हव्या त्या दिशांना वळलेले असतात. तांबे-ऑक्सिजनच्या थरांच्या दिशेने धातूसारखा आणि थरांना काटकोनात जवळजवळ विद्युत्-रोधकासारखा असा मिश्र प्रतिसाद मिळतो, त्यात स्फटिकाच्या कंपनांचे उंचवटे मिसळतात. सुरुवातीच्या वर्षांत अशा चकत्यांवरील अवरक्त आलेखांचे अर्थ लावताना जाणकारांचीही फसगत झाली. नवागताने चकतीवर रामन वर्णपट (विखुरलेल्या लेसर प्रकाशातून स्फटिकाची कंपने टिपणारा आलेख) घ्यावा, असे माझे मत आहे. तेथे ५०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास एक शिखर असते, ते ऑक्सिजनचे प्रमाण घटले की खालच्या बाजूला सरकते. भट्टीत दिलेला ऑक्सिजन पृष्ठभागापाशी तरी पोचला का, याची साक्ष त्यातून मिळते.

गॅपपर्यंत जायचेच असेल, तर एकस्फटिक किंवा एका दिशेने वाढवलेला पातळ थर हवा. त्यावरून मिळालेल्या परावर्तनाच्या आलेखापासून प्रत्येक वारंवारतेची संवाहकता काढतात. क्रांतिक तापमानाखाली त्या आलेखाखालचे काही क्षेत्रफळ नाहीसे होते. ते हरवलेले नसते, शून्य वारंवारतेपाशी एका अणकुचीदार शिखरात जमा झालेले असते, आणि हेच शिखर आपण चार तारांच्या मोजणीत शून्य रोध म्हणून वाचलेले असते. किती क्षेत्रफळ गेले यावरून चुंबकीय क्षेत्र पदार्थात किती खोल शिरते तेही निघते. वायबीसीओमध्ये ते थरांच्या दिशेने वाहणाऱ्या प्रवाहांसाठी सुमारे १५० नॅनोमीटर आहे. तारा, चुंबक आणि प्रकाश यांचे निकाल येथे एकमेकांशी जुळायला हवेत. जुळले नाहीत, तर बहुधा नमुन्याचा पृष्ठभाग आणि गाभा निराळे आहेत असे समजावे, कारण प्रकाश फक्त पृष्ठभागालगतच्या पातळ थराचीच गोष्ट सांगतो.

अशा मोजण्यांची उपकरणे महाविद्यालयात नसतात. धुळ्याहून आग्रा महामार्गाने शिरपूर, सेंधवा ओलांडले की येणाऱ्या इंदूरला यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग) कन्सॉर्शियमचे केंद्र विद्यापीठांतील संशोधकांसाठीच चालते. तेथे अर्ज करताना रोधाचा आणि क्ष-किरण विवर्तनाचा आलेख सोबत जोडावा. नमुना घासून गुळगुळीत करताना पाणी वापरू नये, अल्कोहोल वापरावे. वायबीसीओ ओलाव्याने हळूहळू सडते, म्हणून मे महिन्यात केलेली चकती आषाढ लागण्यापूर्वी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावी, बाटलीवर ऑक्सिजन दिल्याची तारीख लिहावी, आणि दिवाळीनंतर बाहेर काढल्यावर चार तारांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी.